बंदर वाढलं, आपण कुठंय?
(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



पाळी बुडवून आलोय. पाळी बुडाली की मजुरी बुडाली. तेव्हा पोपटपंची करणार नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. अर्थशास्त्राची जाडी पुस्तकं मी वाचली नाहीत. तसली पुस्तकं ज्या खोक्यांतून येतात ती खोकी उतरवलीत.

विकासाचा ढोल मला न्हावा-शेव्याला ऐकू येतो. 1989 साली हे बंदर सुरू झालं. आज वीस फुटी मापानं वर्षाला 70 लाखांच्या वर कंटेनर इथून जातात-येतात. आकडा खोटा नाही. पण या वाढीत माझी वाढ किती?

माझा आजा मुंबईच्या गोदीत होता. हातात लोखंडी आकडा, पाठीवर गोणी. त्याच्या बापाच्या वक्ताला मुकादम गेटावर बोट दाखवून माणसं निवडायचा. ज्याच्यावर बोट नाही त्याच्या घरी चूल नाही. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा झाला, मग गोदी कामगार मंडळ आलं. आज्याचं नाव वहीत चढलं. जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. हे कुणी दान दिलं नव्हतं, कामगारांनी लढून घेतलं होतं.

मग कंटेनर आला. जिथं टोळ्या दिवसच्या दिवस राबायच्या तिथं क्रेन काही तासांत जहाज रिकामं करते. यंत्राशी माझं भांडण नाही. आज्याची मोडलेली पाठ मी बघितलीय. पण ओझं संपलं नाही, नजरेआड गेलं. बंदराबाहेरच्या गोदामात त्या कंटेनरच्या पोटात शिरून 50 किलोच्या गोणी काढायला माणूसच लागतो. मे महिन्यात त्या पत्र्यात उभं राहून बघा! तो माणूस बंदराचा नसतो, ठेकेदाराचा असतो. आणि ठेकेदार गेटावर बोट दाखवतो. पणज्याला दाखवलं तेच बोट!

जानेवारी 1984 मध्ये नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला मागायला उरणचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखाली रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण मेले. ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं आणि ज्यांना जमीन कधी नव्हतीच ते आपण, आज एकाच गेटावर उभे आहोत. ठेकेदार एकाला गाव विचारतो, दुसऱ्याला आडनाव. फूट तिथंच पडते.

मागल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर थप्पी कोसळली. दुसऱ्या दिवशी वहीतून नाव गायब. दवाखान्याचा कागद घेऊन गेलो तर ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमच्याकडं नव्हताच. पाच वर्षं राबलेला माणूस एका रात्रीत नव्हताच! त्यानं उतरवलेल्या गोण्या देशाच्या कमाईत धरल्या. तो धरला नाही.

1970 च्या मूळ कंत्राटी कामगार कायद्याला 20 माणसं पुरायची. 2020 च्या संहितेला 50 लागतात. मग ठेकेदार कागदावर 49 दाखवील, दुसरं काय करील? आणि सरकारच सांगतं, 81 कोटी माणसांना फुकट धान्य देतो. घ्या, हक्काचं आहे. पण विचारा, राबणाऱ्याची मजुरी त्याच्याच पोटाला का पुरत नाही? 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता असा विरोध फार दिवस ठेवला, तर ही लोकशाहीच उडून जाईल. विकासाचं मोजमाप त्या इशाऱ्यानं करा.

तुम्ही म्हणाल, गोदीचं गोदीवाल्यांनी बघावं. तुमच्यातला जो पाठीवर पेटी टाकून घरोघर जेवण पोचवतो, त्याला बोट कोण दाखवतं? फोन. बोट तेच, मुकादम नवा.

मला इथं कविता म्हणायला बोलावलंत. आज कविता नाही, वही आणलीय. नाव, तारीख, पाळी, मजुरी, ठेकेदार आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. रोजच्या रोज लिहायचं. उद्या कामगार आयुक्ताच्या टेबलावर त्यांची वही 'नव्हताच' म्हणाली, तर आपली वही 'होता' म्हणेल. कायदा तुम्ही वाचलाय, अर्ज तुम्हाला लिहिता येतात. गेटावर या.

पहिलं नाव पाय मोडलेल्या भावाचं लिहिलंय. दुसरं माझं. उद्या गेटावरचं बोट माझ्यावरून पुढं सरकेल, हे मला ठाऊक आहे.

तिसरं नाव कोण लिहितो?

जय भीम.