जुनी गाडी घ्या, पण वाजवून घ्या

आम्ही तिरोडा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया.

बाजारात साधं मडकं घेताना आपण ते बोटानं वाजवून पाहतो. मग लाख-दोन लाखांची जुनी गाडी घेताना "भाऊंना कळते त्यातलं" म्हणून मागे का उभ्या राहतो? आम्हीही राहिलो होतो. त्याची किंमत मोजली, म्हणून आज बोलतो आहोत.

भाजी आणि तांदूळ बाजाराला न्यायला दर वेळी भाड्याची गाडी लागायची. म्हणून गटानं जुना छोटा हत्ती घ्यायचं ठरवलं. पहिली गाडी दाखवली ती नव्या रंगाची, चकचकीत चाकांची, आत गाणी वाजणारी. आम्ही भुललो. दहा हजार रुपये इसार दिला, पावतीही घेतली नाही. नंतर कळलं, गाडीवर कर्जाचा बोजा आहे आणि हप्ते थकलेत. चार महिने चकरा मारून अर्धेच पैसे परत आले.

दुसऱ्या वेळी आम्ही पाच जणी स्वतः गेलो. गाडीच्या आधी कागद पाहिले. आरसी बुकवर मालकाचं नाव कोणाचं, विकणारा तोच आहे का? बोजा आहे का? असेल तर कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. विमा, पीयूसी आणि माल वाहणाऱ्या गाडीचं फिटनेस कधीपर्यंत आहे? यातलं बरंच मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की दिसते. थकलेलं चालानही तपासा. मग कागदावरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून पाहा.

आपल्या जिल्ह्याला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड लागून आहेत. तिकडची गाडी स्वस्तात मिळते असं कोणी सांगितलं, तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, मागा. इथला कर आणि आपला एमएच ३५ नंबर घेण्याचा खर्च किमतीत धरा.

आता गाडी. ती सकाळच्या उजेडात, इंजिन थंड असताना पाहा. आधीच गरम करून ठेवली असेल, तर सुरू व्हायला किती त्रास देते ते कळत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर थांबतच नसेल, तर आत पाणी शिरत असेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर ती गाडी तिथंच सोडा.

पत्र्याला लोहचुंबक लावा. चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी भरली आहे. मागच्या डाल्याखाली वाकून चेसिसला वेल्डिंग केलं आहे का, पाटे तुटले आहेत का ते पाहा. जादा माल वाहिलेली गाडी तिथंच बोलते. टायर एकाच बाजूनं झिजला असेल तर कारण विचारा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

आपण वैनगंगेकाठच्या. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आपण विसरलो नाही. पुरात बुडालेली गाडी वरून धुतली तरी पायाखालची चटई उचलली की गाळ, सीटखाली गंज आणि कुबट वास सापडतो.

मग चालवून पाहा, तीही माल भरून आणि चढावर. रिकामी गाडी सगळीच पळते. सोबत आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको. पाचशे रुपये त्याला दिले तर ते वाया गेले असं समजू नका.

शेवटची गोष्ट पैशाची. इसाराची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि बाकी पैसे बँकेतून द्या. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी आरटीओत अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसच असतात. "नंतर करू" म्हटलं आणि मध्येच अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळायला अडचण येते.

आमची गाडी एका ताईच्या नावावर आहे. पण ती गटाच्या पैशातून घेतली, गटाची आहे, हा ठराव बैठकीच्या वहीत सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहिला. उद्या घरच्यांनी हक्क सांगितला, तर वही बोलेल.

गाडीचा रंग जुना आहे, पत्र्याला दोन पोचे आहेत. पण धान निघाल्यापासून एकदाही भाड्याच्या गाडीची वाट पाहिली नाही. तुमच्या गटात गाडीची गोष्ट निघाली, तर बायांनो, मागे उभ्या राहू नका. खाली वाका, चटई उचला, कागद मागा. पैसा आपला आहे, विचारायला लाजायचं कशाला?