नजर फितूर होते तेव्हा

२०१२ साली अमेरिकन फुटबॉलची भारतीय एलिट लीग झाली, तिच्यात ‘पुणे मराठाज’ हा आपला संघ होता. या खेळात फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने हवेतच झेलला, की ते इंटरसेप्शन. असं का होतं? पुष्कळदा डोळ्यांमुळे. फेकणारा क्वार्टरबॅक ज्याला चेंडू द्यायचा त्याच्याकडेच टक लावून बघतो. मागचा बचावपटू ती नजर वाचतो आणि चेंडूआधी तिथे पोचतो. अंगावर गडी धावून आले, की फेक घाईची होते. कधी आपल्याच माणसाच्या बोटांना लागून चेंडू वर उडतो. आणि पाऊस! लोणावळ्याच्या आषाढात भिजलेला चेंडू मुठीत ठरत नाही, हे मावळातल्या पोरांना सांगायला नको. तेव्हा खेळाडूंनो, चेंडू आधी कोरडा पुसा, आणि फेकण्यापूर्वी नजर दुसरीकडे ठेवा.