नुकसानभरपाईच्या रकान्याबाहेर

(जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त पवनी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मानसिक आरोग्यावर बोलण्यासाठी एखाद्या डॉक्टरऐवजी अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. परंतु या विषयाचे एक जुने ऋण माझ्यावर आहे, आणि ते मान्य करण्याची संधी म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

प्रकल्पांच्या खर्चाचा आणि लाभाचा ताळेबंद मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत असे. उदाहरण दूर शोधावे लागत नसे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. फळ्याच्या एका बाजूस मी अडीच लाख हेक्टरांचे सिंचन लिही. दुसऱ्या बाजूस बांधकाम, बुडणारी जमीन आणि घरांची किंमत. एकदा बुडीत क्षेत्रातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझे आजोबा रोज संध्याकाळी पाण्याच्या काठी जाऊन जुन्या गावाच्या दिशेने पाहत बसतात. कोणाशी बोलत नाहीत. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?" मी म्हणालो, "जे मोजता येते त्याचाच विचार आपले शास्त्र करते." पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते. प्रत्यक्षात ती पळवाट होती.

मन ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, आणि ते खचले तर दोष त्या व्यक्तीच्या दुबळेपणाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ सालच्या घटनेतच शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य या तिन्ही गोष्टी आरोग्याच्या व्याख्येत एकत्र आल्या आहेत. माणूस ज्या परिसरात, ज्या शेजारात आणि ज्या आर्थिक व्यवस्थेत जगतो, तेथूनच त्याच्या मनाला बळ मिळते आणि तेथूनच ताणही येतो.

आफ्रिकेतील झांबेझी नदीवर करिबा धरण झाले, तेव्हा १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना हलविण्यात आले. थेअर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांचा पुढे अनेक दशके अभ्यास केला. विस्थापनाचा ताण शरीरावर, मनावर आणि समाजजीवनावर एकदमच येतो, आणि गेलेल्या घरासाठी माणूस गेलेल्या आप्तासाठी करावा तसा शोक करतो, असे स्कडर यांनी मांडले. पुढे मायकेल सेर्निया यांनी विस्थापनातून येणारे आठ धोके सांगितले. त्यांत भूमिहीनता आणि बेकारी यांच्या जोडीला सामाजिक वीण उसवणे हाही एक धोका त्यांनी गणला आहे.

ही वीण म्हणजे काय, हे भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत एकमेकींच्या बांधीत राबणाऱ्या बाया, दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर चालणारी दंडार, नदीच्या कोणत्या डोहात कोणत्या ऋतूत मासा मिळतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला ढिवर समाज. यांपैकी एकाही गोष्टीचा सातबारा नाही. ज्याची जमीन बुडाली त्याला, कमी का होईना, मोबदला मिळाला. ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, केवळ नदी होती, त्याच्या हाती काय आले?

आणि मग प्रतीक्षा. १९८३च्या सुमारास ३७२ कोटी रुपयांचा अंदाज असलेल्या या प्रकल्पाचा खर्च पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी विशेष आर्थिक मदत जाहीर झाली. कागदावर या केवळ तारखा आहेत. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेले मूल मदत जाहीर झाली तेव्हा पंचवीस वर्षांचे झाले होते. गाव उठणार म्हणून घराची डागडुजी करायची नाही, मुलीचे लग्न ठरवायचे तर कोणत्या गावाचा पत्ता सांगायचा, असे अधांतरी आयुष्य एका संपूर्ण पिढीने काढले. अनिश्चितता हीदेखील एक किंमत आहे, आणि ती सरकारी तिजोरीतून नव्हे, तर माणसाच्या झोपेतून वसूल होते.

ही केवळ भावनेची भाषा नव्हे. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीपूर्वी पैशांची चणचण असताना आणि तोडणीनंतर हातात पैसा आल्यावर घेण्यात आली. तोडणीपूर्वीची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली. माणसे तीच होती. चिंतेने त्यांच्या विचारशक्तीचा मोठा भाग अडवून ठेवला होता. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, असे सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

जे उठले नाहीत, त्यांचे काय? नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पूर्वी प्रवाहाबरोबर पुढे जाणारे हे पाणी आता जलाशयात साचते. ऑगस्ट २०२०च्या महापुरात भंडारा शहराने आणि काठच्या गावांनी याच नदीचे दुसरे रूप पाहिले. ऑस्ट्रेलियातील कोळसा खाणींच्या परिसरातील लोकांची व्यथा पाहून ग्लेन अल्ब्रेख्त या तत्त्वज्ञाने एक नवा शब्द घडविला: सोलॅस्टॅल्जिया. माणूस घरातच असतो, परंतु भोवतालचा परिसर असा बदलतो की घरात असूनही त्याला घराची आठवण येते. वैनगंगेच्या काठी हा शब्द परका वाटू नये.

धरणाला विरोध करण्यासाठी मी उभा नाही. कालव्याचे पाणी ज्याच्या बांधीत पोहोचले, त्याची आकाशाकडे डोळे लावण्याची चिंता कमी झाली, हाही मनःस्वास्थ्याचाच लाभ आहे. प्रश्न इतकाच, की एकाची चिंता कमी करताना ती दुसऱ्याच्या माथी का मारावी, आणि मारलीच तर तिची नोंद का नसावी?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येक नागरिकाला शासकीय मानसोपचाराचा हक्क देतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता तीव्र तणावग्रस्त समजतो. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची विनामूल्य सेवा २०२२पासून आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील दहापैकी एका प्रौढास मानसिक विकार होता, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. दुसरीकडे, २०१३चा भूसंपादन कायदा सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे करतो. परंतु पाटबंधारे प्रकल्पाचे पर्यावरणीय मूल्यमापन होत असेल, तर त्याला यातून सूट आहे. ज्या प्रकल्पांनी सर्वाधिक गावे उठविली, त्यांनाच ही सवलत!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ही सूट रद्द व्हावी, आणि मूल्यमापनात मानसिक आघाताचा स्वतंत्र विचार व्हावा. गाव हलवायचेच तर शेजार न मोडता, एकसंध हलवावे. मोबदल्याला मुदत असावी, आणि नदीला नसेल सातबारा, तरी तिच्यावर जगणाऱ्याचा हक्क मान्य व्हावा. पुनर्वसित गावांत समुपदेशकाची नियमित भेट असावी. मात्र एक सावधगिरी हवी. अन्यायाने आलेल्या दुःखाला आजार ठरवून केवळ गोळ्या देणे, हा दुसरा अन्याय होईल. ज्याला औषध हवे त्याला औषध मिळो. ज्याला न्याय हवा त्याला समुपदेशन देऊन वाटेला लावू नये.

त्या विद्यार्थ्याला मी आज वेगळे उत्तर दिले असते. आजोबांचे मौन खर्चाच्याच बाजूस लिही, असे सांगितले असते. आकडा मांडता येत नसेल, तर रकाना रिकामा ठेव. पण खोडू नकोस. रिकामा रकाना निदान प्रश्न तरी विचारत राहतो. तो प्रश्न ग्रामसभेत, मोर्चात आणि विधिमंडळात विचारीत राहणे, हे आता आपले काम आहे.