पोटदुखी अंगावर काढू नका

आधी बेंबीभोवती दुखतं, काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं, जेवण नकोसं होतं, उलटी होते, ताप येतो. हे अपेंडिक्स असू शकतं. अशा वेळी पोट चोळू नका, एरंडेल देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. दुखणं एकदम थांबलं तरी फसू नका. फुटल्यावरही थोडा वेळ आराम वाटतो, मग सगळं पोट कडक होतं.

वेळेत गेलं तर ऑपरेशन सोपं, दोन-तीन दिवसांत घरी. फुटलं तर पोटातला पू धुऊन काढतात, कधी नळी ठेवतात, मुक्काम वाढतो. गाठ धरली असेल तर डॉक्टर कधी आधी औषधांनी सूज उतरवतात.

पैशांसाठी रात्र घालवली तर जिवावर बेततं. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, दवाखान्याच्या कर्जाला बैठकीची वाट पाहायची नाही. 108 ला फोन करा, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, दवाखान्यात आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

घरातल्या सगळ्यांचं दुखणं आपण बघतो. स्वतःचंही तितक्याच घाईनं बघूया.