जुलाब, चमचा आणि एक लिटर पाणी

आजच्या भागात कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलायचंय लहान मुलांच्या जुलाबांबद्दल. हसू नका. तुमच्यातले बरेच जण कुणाचे तरी मामा, काका, मावशी, आत्या झालेले असणार, आणि रात्री अकरा वाजता फोन येतो तो आपल्यालाच, "अरे, जरा बघून सांग ना" म्हणून.

मी डॉक्टर नाही, बीटेकवाला आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या भाच्याला जुलाब-उलट्या लागल्या, तेव्हा तीन दिवस ताईकडे होतो. बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितलं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि त्यामागची कारणं नंतर वाचली. तेच सांगतोय.

जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून जुलाब बंद करायच्या मागे लागायच्या आधी, गेलेलं पाणी भरून काढायचं. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना द्यायच्या नाहीत, अर्धी मोडूनसुद्धा नाही.

आता ओआरएस. आपल्या आतड्याच्या पेशींवर एक भारी दार आहे. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब सुरू असतानाही हे दार चालू राहतं. नुसतं पाणी पाजून जे जमत नाही, ते या जोडीमुळे जमतं.

पण सगळा खेळ प्रमाणाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट साधारण 20.5 ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं. ताईच्या सासूबाई चिमूट-चिमूट पावडर पेल्यात टाकून देत होत्या, बिचाऱ्या वाया जाऊ नये म्हणून. घरोघरी हेच चालतं. घट्ट झालं तर रक्तातलं मीठ वाढून मूल आणखी आजारी पडतं, पातळ झालं तर उपयोग कमी. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा, लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, पूर्ण पाकीट ओता. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या, जीव कळवळला तरी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, डोंगर नको.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला 100 ते 200. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. खरी नर्सिंग इथे आहे. रात्री दोन वाजता, रडणाऱ्या पोराला, मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा. कंटाळा येतो हो. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

हीच गोष्ट 1971 मध्ये मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाईकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2022 मध्ये ते गेले, 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. म्हणजे पाजणारे तेव्हाही घरचेच लोक होते.

दुकानात आणखी एक घोळ असतो. ओआरएस नाव मिरवणारी, फळांच्या चवीची, भरपूर साखरेची पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. जास्त साखर आतड्यात उलट पाणी खेचते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरी लेबल वाचा.

सोबत झिंक. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज 20 मिलीग्रॅम, त्याआधी 10, आणि पूर्ण 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी कोर्स मोडायचा नाही. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतात.

"पोटाला आराम द्या, काही खायला देऊ नका" हे ऐकू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. मूल वरचं खात असेल तर मऊ खिचडी, वरण-भात, केळं, जेवढं खाईल तेवढं. आणि "दात येताहेत, जुलाब होणारच" म्हणून गप्प बसू नका.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे? डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा उठवता येईना, पिणंच बंद केलं, सगळं उलटून पडतंय, पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर ती हळूहळू खाली बसते, शी मध्ये रक्त दिसतंय, बराच वेळ शू झालेली नाही, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या खुणांची वाटही बघू नका. आणि रिक्षात बसल्यावरही, मूल गिळू शकत असेल तर, चमचा चालू ठेवा.

पुढच्या भागात ताप आणि थर्मामीटर. भेटू.