मत मागणाऱ्याला युद्धाविषयीही विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दि. 19 एप्रिल 2024 रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा युक्रेनमध्ये आणि गाझात युद्ध पेटलेले होते. 1999 साली तर कारगिलची लढाई जुलैत संपली आणि लगेच निवडणूक आली. अशा वेळी सभांतून काय ऐकू येते? देश बलवान करू, शत्रूला धडा शिकवू, जगात शांतता नांदवू. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, टाळ्या पडतात. पण नेमके करणार काय, त्याला खर्च किती, तो सोसणार कोण, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि आपण तरी कुठे विचारतो? आपण म्हणतो, "ते दिल्लीचं काम. आपल्याले धानाचं, तेंदूपत्त्याचं पाहू द्या."

परमपूज्य बाबासाहेबांनी असे मानले नाही. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा कोरियात युद्ध चालू होते आणि देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होते, मागासवर्गीयांची उपेक्षा होती, तसे परराष्ट्र धोरणही होते. त्यांनी हिशेबच मांडला: वर्षाला 350 कोटींचा महसूल आणि त्यातले सुमारे 180 कोटी सैन्यावर! हा बोजा चुकलेल्या धोरणाचा आहे, असे ते म्हणाले. काश्मीरविषयी त्यांनी फाळणीचा तोडगा सांगितला, पूर्व बंगालमधील आपल्या लोकांच्या हालांकडेही लक्ष वेधले. यातले सगळे सर्वांना पटण्यासारखे नव्हते. पण कुठे उभे आहेत, हे कोणालाही कळत होते. त्या निवडणुकीत ते मुंबईत पडले.

पुढे मे 1954 मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. तेव्हा इंडोचीनमध्ये लढाई चालू होती आणि 29 एप्रिललाच चीनशी पंचशील करार झाला होता. भंडाऱ्यातही बाबासाहेब पडले. पण म्हणून गप्प बसले नाहीत. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर टीका केली. तिबेट चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी आली, हे त्यांनी बजावले. 1962 चे युद्ध त्यानंतर आठ वर्षांनी झाले.

आता आपल्या जंगलाकडे पाहा. त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव भागात, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. भद्रावतीला एका बाजूला विजासनची बुद्धलेणी आणि दुसऱ्या बाजूला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि इथल्या दुकानात सूर्यफुलाचे तेल महागले. मग परराष्ट्र धोरण फक्त दिल्लीचे कसे?

कोणी म्हणेल, आपले उत्तर तर ठरलेले आहे: युद्ध नको, बुद्ध हवा. घोषणा चांगलीच आहे. पण नुसती घोषणा दिली तर आपणही मोघमच बोललो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघात सिद्धार्थ "शांतता ठेवा" एवढेच बोलून खाली बसले नाहीत. त्यांनी मार्ग सांगितला: दोन माणसे शाक्यांची, दोन कोलियांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदानात त्यांची बाजू हरली. युद्धात भाग घेणार नाही म्हटल्याबद्दल त्यांना घर सोडावे लागले. तेही त्यांनी स्वीकारले.

तेव्हा माय-माउल्यांनो, बंधूंनो, पुढच्या निवडणुकीत जो कोणी वस्तीत येईल, त्याला मानाने बसवा, पाणी द्या आणि रस्ता-नाली-घरकुलाबरोबर तीन गोष्टी विचारा. शेजारी देशांशी तंटा मिटवायचा तुमचा मार्ग कोणता? त्याला पैसा किती लागेल आणि तो शाळा-दवाखान्यातून कापणार काय? लढाई झालीच तर सीमेवर कोणाची मुले जातील? उत्तर आपल्याला पटो न पटो, ते स्पष्ट हवे. चांद्याच्या भूमीत 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना दीक्षा दिली, ती प्रश्न विचारणारी माणसे घडावीत म्हणूनच.

नमो बुद्धाय! जयभीम!