रानातले अन्न आणि चुलीवरील दक्षता



भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगतच्या गोदामांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. परंतु याच तालुक्यात, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या परिसरात आणि तुंगारेश्वरच्या डोंगरउतारांलगत, वारली, कातकरी व मल्हार कोळी समाजांचे पाडे आहेत. मृगाचा पाऊस पडला की या पाड्यांतील चुलींवर शिजणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा दुकानातून येत नाही. तो रानातून, ओढ्यातून आणि शेताच्या बांधावरून येतो. हे अन्न निर्धोक कसे करावयाचे, हा आजचा विषय आहे.

प्रथम शिकारीचा प्रश्न बाजूस काढला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसारखे गौण वनोत्पादन आणि जलाशयांतील मासळी यांवरील परंपरागत हक्क मान्य केले. पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. तेव्हा ससा, रानडुक्कर, घोरपड किंवा साळिंदर कसे शिजवावे, हा प्रश्नच उरत नाही. रानात मरून पडलेले जनावर ‘आयते सापडले’ म्हणून घरी आणणे तर दुहेरी घातक. ते बाळगणे गुन्हा आहेच. शिवाय जनावर कशाने मेले हे कोणी पाहिलेले नसते. काळपुळीसारखा रोग कातडे सोलतानाच हातावरच्या ओरखड्यातून शरीरात शिरतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. अशा वेळी जनावराला हात न लावता वनरक्षकास कळविणे हेच योग्य.

उरतात ते ओढ्यातले आणि शेतातले जीव. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, बिळांतून मुठे बाहेर पडतात आणि मुले-माणसे रात्री दिवे घेऊन निघतात. अभयारण्याच्या हद्दीबाहेर यास सहसा हरकत नसते. मात्र गोड्या पाण्यातील खेकड्याच्या मांसात व कल्ल्यांत फुप्फुसात शिरणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. मणिपूरमध्ये १९८० च्या दशकात क्षयरोगी समजून औषधे दिलेल्या काही रुग्णांच्या थुंकीत या कृमीची अंडी आढळली. खोकला तोच, थुंकीत रक्त तेच. रोग मात्र कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यांतून आलेला.

आपल्याकडे खेकडा कच्चा खात नाहीत, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे; परंतु बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचे गाळलेले पाणी रश्श्यात घालण्याची रीत कोकणात सर्वत्र आहे. हे पाणी उकळत्या रश्श्यात घालून तो चांगला शिजविला, तर भय नाही. भय आहे ते पाट्याचे. त्याच पाट्यावर, नुसत्या पाण्याचा हात फिरवून, पुढे कच्ची चटणी वाटली गेली की अळ्यांना ताटापर्यंत वाट मिळते. म्हणून पाटा-वरवंटा, विळी आणि हात आधी साबणाने धुवावेत आणि पाट्यावर कढत पाणी ओतावे. निखाऱ्यावर भाजलेल्या मुठ्याचे कवच लाल झाले म्हणजे आतले मांस शिजले, असेही समजू नये.

विस्तवालाही मर्यादा आहेत. भिवंडी शहरालगत कामवारी नदीत सांडपाणी आणि रंगाईचे पाणी मिसळते. अशा पात्रातील किंवा नुकत्याच फवारलेल्या शेतातील खेकडा तासभर शिजविला तरी त्यातील रसायने व जड धातू निघून जात नाहीत. तेथला खेकडा पकडूच नये.

वनस्पतींच्या बाबतीत चुलीपूर्वीचे काम अधिक मोलाचे ठरते आणि त्यात पाड्यावरील स्त्रिया जाणत्या आहेत. पावसाच्या तोंडावर उगवणारे शेवळे घ्या. त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशात रुततात आणि खाज सुटते. म्हणून हाताला तेल लावून शेवळे सोलतात, आतील दांड्याचा पिवळा भाग टाकून देतात आणि काकड या झाडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालून भाजी शिजवितात. ठाणे-कल्याणच्या बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडे देणारी बाई केवळ चवीची सोय करीत नसते. शहरातील गिऱ्हाईक ती काकडे नको म्हणून परत करते आणि मग घसा धरून बसते.

कडू कंदाची रीत याहून कष्टाची. त्याचे पातळ काप करावयाचे, राखेबरोबर उकळावयाचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावयाचे आणि कडूपणा गेल्याशिवाय खावयाचे नाहीत. या कडूपणातच यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. टंचाईच्या दिवसांत याच कंदावर कुटुंबे तगली, ती या खटाटोपामुळे. ओढा आटला किंवा गढूळ झाला, तर भांड्यातील पाणी पुन:पुन्हा बदलावे लागते. घाईचे काम येथे नाही.

अळंब्यांच्या बाबतीत मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडली तर विषारी, किड्यांनी खाल्ली तर चांगली, हे सारे समज फोल आहेत. काही अळंब्यांचे विष शिजवूनही टिकते. त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात; उलट्या-जुलाब थांबून रोग्याला बरे वाटते आणि नेमके त्याच सुमारास यकृत निकामी होऊ लागते. वारुळावरील अळंबी वर्षानुवर्षे ओळखणाऱ्याने आणली असेल तरच ती घरात घ्यावी. मुलांनी वेचून आणलेली टाकून द्यावी.

हे ज्ञान पाड्यावर आहे, पण ते लिहून ठेवलेले नाही. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तेथे भाजीशेजारी ती निवडण्या-शिजविण्याची कृतीही मांडता येईल. शाळेत आणि अंगणवाडीत एखाद्या जाणत्या आजीला बोलावून शेवळे सोलून दाखवावयास सांगितले, तर त्याला निधी लागत नाही. आणि रानातले काही खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब किंवा गुंगी सुरू झाली, तर घरगुती उतारा शोधीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बरोबर जेवलेल्या सर्वांना दवाखान्यात न्यावे आणि उरलेली भाजी, अळंबी वा कंद फेकून न देता कागदात गुंडाळून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्यावा.